जाळीतला रानमेवा

बोरीची फांदी जपून हातात घ्या आणि पानाच्या देठापाशी नीट बघा. तिथं बहुतेक ठिकाणी काट्यांची जोडी दिसेल. त्यातला एक लांब आणि सरळ, दुसरा आखूड आणि मागं वळलेला. बोरं काढायला हात आत जातो तेव्हा फारसं काही होत नाही. मूठ भरून हात बाहेर ओढताना मात्र सालटी निघतात, ती या वळलेल्या काट्यामुळं. पानाच्या बुडाशी दोन बाजूंना जी इवली उपपर्णं यायची असतात, त्यांचेच बोरीनं हे काटे केले आहेत.

आता करवंदाच्या जाळीकडे वळा. तिचा काटा जाड, हिरवा आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेला. तो पानापासून झालेला नाही. फांदीचा वाढता कोंबच इथं काट्यात बदलतो आणि पुढची वाढ शेजारच्या कळ्या उचलतात. म्हणून करवंद सरळ वाढत नाही, दर पेऱ्याला फाटे फुटत जातात, आणि काही वर्षांत आत सशाशिवाय कुणाला शिरता येऊ नये अशी जाळी तयार होते. रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या वेलीला हात लावला तर तिसराच प्रकार. तिचे काटे नुसत्या सालीवरचे. अंगठ्यानं बाजूला दाबले की कट्कन निघून येतात, गुलाबाचे निघतात तसेच, कारण ही वेल गुलाबाच्याच कुळातली. आणि मुंबईच्या इराणी-पारशी पुलावात जी आंबट लाल झेरेश्क पडते, तिच्या झुडपानं तर अख्ख्या पानाचा काटा केलेला असतो, तोही पुष्कळदा तिहेरी.

उपपर्ण, कोंब, साल, पान. चार झुडपांनी चार निरनिराळ्या अवयवांपासून एकच हत्यार घडवलं, एकमेकांशी जवळचं नातं नसताना. ही गोष्ट कळल्यापासून मला काटेरी कुंपणाजवळून नुसतं चालत जाता येत नाही.

हे सगळं बघायला तळोद्यासारखं गाव शोधून सापडायचं नाही. दक्षिणेला तापीचं सपाट, काळ्या मातीचं बागायती खोरं. उत्तरेला गाव संपतं न संपतं तोच सातपुडा चढायला लागतो आणि पुढं अस्तंब्याच्या शिखराशी १३२५ मीटरवर पोचतो. मेवासी वनविभागाचं मुख्यालय तळोद्यातच आहे. डोंगरात भिल्ल आणि पावरा वस्त्या, खाली गुजर आणि इतर शेतकऱ्यांची गावं. पाऊस चार महिने, बाकीचे आठ महिने कोरडे. नवल असं की रानातलं काटेरी झुडूप फळतं ते नेमकं या कोरड्या महिन्यांत. बोरीला पाऊस सरता सरता बारीक, हिरवट-पिवळी फुलं येतात आणि थंडीत फळ पिकतं. करवंदाची पांढरी सुवासिक फुलं थंडी संपताना उमलतात आणि फळ काळं होतं ते एप्रिल-मे महिन्यांत, बाकी रानानं पानं टाकलेली असतात आणि वाटेवरचा दगड पोळत असतो तेव्हा. रस एवढा येतो कुठून? बोरीचं सोटमूळ खूप खोल जातं, वरची ओल संपली तरी तिला खालची मिळते. करवंदाचं पान जाड, चकचकीत आणि मेणचट, पाणी सहजी उडू न देणारं.

तळोदा-शहादा पट्ट्यातली शेती तुम्ही पाहिली असेल तर डोळ्यांपुढं केळी, पपई आणि मिरची येईल. इंग्रजीतल्या ‘बेरी’ या शब्दानं मनात स्ट्रॉबेरीचं चित्र उभं राहतं. पण वनस्पतिशास्त्रात बेरी म्हणजे मृदुफळ: फुलातल्या एका अंडाशयापासून झालेलं, आत कठीण आठळी नसलेलं मऊ फळ. या व्याख्येनं केळं बेरी आहे, पपई बेरी आहे, मिरचीसुद्धा बेरी आहे. खोऱ्यातली ही तिन्ही नगदी पिकं खरीखुरी बेरी ठरतात आणि स्ट्रॉबेरी ठरत नाही! तिच्या लाल गरावर जे पिवळे ठिपके दिसतात ते एकेक स्वतंत्र फळ असतं आणि आपण खातो तो फुलाचा फुगलेला देठ. बोरही बेरी नाही, ते आंब्यासारखं आठळीचं फळ. काटेरी मंडळींतलं करवंद मात्र या कसोटीला पुरेपूर उतरतं.

रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीची घडण तर थक्क करणारी आहे. त्यांच्या एका फुलात एक अंडाशय नसून अनेक असतात, आणि प्रत्येकाचा एकेक रसाळ मणी होतो. प्रत्येक मण्यात स्वतःची इवली आठळी, म्हणजे एका घासात आपण डझनावारी आंब्यांचे लघुरूप खात असतो. मधमाशी फुलावर नीट फिरली नाही तर काही मणी भरतच नाहीत आणि फळ वेडंवाकडं, हातात विस्कटणारं होतं. रास्पबेरी ओढली की मण्यांची टोपी हातात येते आणि मधला दांडा झुडपावरच राहतो, म्हणून ती आतून पोकळ. ब्लॅकबेरी दांड्यासकट निघते. दोघी ओळखायची याहून पक्की खूण नाही. रंगावर जाऊ नका, काळ्या रास्पबेरीही असतात. आणि तुती? ती दिसते हुबेहूब ब्लॅकबेरी, पण तिचं कूळ वडा-पिंपळाचं, आणि तिचा प्रत्येक मणी वेगळ्या फुलापासून झालेला. एकीकडे एका फुलाचे अनेक मणी, दुसरीकडे अनेक फुलांचं मिळून एक फळ, आणि दोन्ही वाटांनी गेलं तरी ताटात सारखंच दिसणारं काहीतरी.

आपल्याकडे रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या वेलींना हवा थंड आणि दमट लागते. त्यामुळं तळोद्याच्या उन्हात त्यांची अपेक्षा धरू नये. महाबळेश्वरच्या रानात जावं. तिथं गौरीफळ भेटतं. पांढुरक्या लवेच्या फांद्या, गुलाबी फुलं आणि आधी लाल, मग जांभळट काळं होणारं मऊ फळ. त्याची पिवळ्या फळाची बहीण हिमालयात हिसालू म्हणून ओळखली जाते. कुमाऊंची मुलं उन्हाळ्यात ती ओंजळीनं खातात. याच गौरीफळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते फळासाठी म्हणून पार गालापागोस बेटांवर नेऊन लावलं गेलं. तिथं त्याला आवर घालणारं कुणी नव्हतं. पक्ष्यांनी बिया पसरल्या, फांद्यांची टोकं जमिनीला टेकली की तिथं मुळं फुटत गेली, आणि आज त्या बेटांवरच्या सर्वांत त्रासदायक आगंतुक वनस्पतींत त्याची गणना होते. हिसालूचं नाव तर जगातल्या शंभर उपद्रवी आगंतुकांच्या यादीत आहे. आपल्या डोंगरातलं गुणी झुडूप परक्या मातीत गेलं की असा अवतार धारण करतं. सातपुड्यात उलटं घडलं आहे. बागेची शोभा म्हणून अमेरिका खंडातून आलेली घाणेरी इथल्या करवंदाच्या जागा बळकावते आहे.

घाणेरीचा विषय निघालाच आहे तर एक सूचना इथंच. तिच्या काळ्या मण्यांचे झुपके लांबून छोट्या ब्लॅकबेरीसारखे दिसतात. तिचं कच्चं हिरवं फळ विषारी आहे. ओळखीचं माणूस बरोबर असल्याशिवाय रानातलं कुठलंच फळ मुलांच्या हाती देऊ नये.

आता स्वयंपाकघरात येऊ. रानमेव्याचे पदार्थ म्हणजे कुणाच्या तरी आजीची लहर, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. फळाची घडण समजून घेतली की त्याचा पदार्थ तसाच का झाला, ते लख्ख दिसायला लागतं.

बोर घ्या. घट्ट साल, पिठूळ गर, एकच आठळी. असं फळ उन्हात टाकलं की सडत नाही, सुरकुततं. म्हणून बोराची खरी पाककृती ऊन हीच. वाळलेली बोरं डब्यात राहतात, गुळाच्या पाण्यात उकडून खाता येतात, आणि कुटून चाळली की आठळ्या बाजूला पडून बोरकूट हाती लागतं. त्यात मीठ, जिरं, तिखट, वाटल्यास थोडा गूळ. शाळेबाहेरच्या गाडीवर कागदाच्या पुडीत मिळणारं ते आंबटगोड पीठ खाल्ल्याशिवाय मोठं झालेलं मराठी माणूस क्वचितच असेल. वाळवायच्या आधी मात्र दोन-चार बोरं फोडून बघावीत. बोराची एक खास माशी आहे, तिची अळी गरात राहते आणि बाहेरून फळ धडधाकट दिसतं. ताज्या बोरात क जीवनसत्त्व संत्र्याच्या तोडीस तोड असतं. वाळवल्यावर ते कमी होतं, गोडी तेवढी दाट होते.

संक्रांतीच्या सुगडात बोर असतंच. बोरन्हाणात लेकराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि आळीतली पोरं ती वेचायला झेपावतात. थंडीत पिकणारं फळ थंडीच्या सणात यावं, यात नवल नाही. नवल आहे ते शबरीच्या कथेत. तिनं प्रत्येक बोर आधी चाखून पाहिलं, असं लोकपरंपरा सांगते. बागायतदाराला हे ऐकून हसू येणार नाही. बियांपासून उगवलेल्या बोरींत प्रत्येक झाडाची चव वेगळी निघते. एक मधुर, तर शेजारची दात आंबवणारी. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी ही म्हण खरी असली, तरी एका गावच्या दोन बोरी सारख्या निघत नाहीत. चवीची खात्री हवी तर डोळा भरावा लागतो, म्हणजे गोड झाडाचा डोळा काढून गावठी रोपावर बसवायचा. खानदेशात जळगावच्या मेहरूणची बोरं अशीच नावाजलेली. रानात मात्र चाखल्याशिवाय कळायचं नाही, तेव्हा शबरीनं केलं ते अगदी शहाणपणाचं.

करवंदाचं सगळंच वेगळं. त्यात पाणी भरपूर, आठळी नाही, बारीक बिया अनेक, आणि सालीपासून देठापर्यंत पांढरा चीक. हा चीक कण्हेर आणि रुईच्या कुळाचा. म्हणून करवंद वाळवत नाहीत. त्याला मीठ किंवा साखर लागते.

कच्च्या करवंदाच्या लोणच्याला बसायचं तर आधी हाताला आणि विळीला तेल लावावं, नाहीतर चीक बोटांना चिकटतो तो दोन दिवस सुटत नाही. हिरवी, टणक करवंदं देठ खुडून मिठाच्या पाण्यात टाकून ठेवायची. देठाच्या जागी दुधाचा थेंब येतो आणि पाणी गढूळ होतं. ते पाणी फेकून पुन्हा धुवायची. मग प्रत्येकाचे दोन भाग करून बिया झटकायच्या. हे काम चिवट आहे, गप्पांना माणसं असली तरच होतं. पुसून कोरडी केली की मीठ, हळद, तिखट, मोहरीची डाळ, भाजलेली मेथी आणि हिंग. वर गार केलेली फोडणी. कैरीच्या लोणच्याला जे सगळं लागतं तेच, पण करवंदाची फोड मऊ पडायला वेळ घेते आणि तिचा आंबटपणा शेवटी थोडा तुरट होतो. मला तो तुरटपणा कैरीपेक्षा आवडतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर तर त्याला तोड नाही. एवढा खटाटोप नको असेल तर कच्ची करवंदं, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि मीठ वाटून चटणी करावी, चिमूटभर गूळ घालून.

पिकलेलं करवंद रानात उभ्यानं खावं, पिढ्यान्‌पिढ्या पोरं खातात तसं. चावून बघायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. डोंगरची काळी मैना घ्या, अशी हाळी उन्हाळ्यात स्टँडवर ऐकू येते ती याच फळासाठी. पण घरी पाटीभर आली तर त्याची जेली करून पाहाच. करवंदात पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन, आम्ल आणि साखर ही तीन एकत्र उकळली की थंड झाल्यावर जाळं धरून घट्ट होतात, आणि यातली दोन करवंद स्वतःच घेऊन येतं. गोम एवढीच की फळ जसजसं पिकतं तसतसं पेक्टिन तुटत जातं. म्हणून पूर्ण काळ्या करवंदांत पाव हिस्सा तांबूस, अर्धवट पिकलेली मिसळायची. बुडतील इतक्या पाण्यात शिजवून कापडातून गाळायचं, न पिळता, नाहीतर जेली गढूळते. रसाइतकी साखर घालून उकळायचं. थंड बशीत थेंब टाकून बोटानं सारला आणि त्यावर सुरकुती आली की झाली. भांडं स्टीलचं घ्यावं. एवढं आंबट फळ पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये शिजवू नये.

त्याच रसाचे दोन थेंब वेगळ्या वाटीत काढून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल रस निळसर-हिरवट होईल, लिंबू पिळलं की परत लाल. करवंद, जांभूळ, ब्लॅकबेरी या सगळ्यांचा रंग एकाच घराण्याच्या रंगद्रव्याचा, आणि ते आंबटपणा बघून रंग बदलतं. घरात शाळकरी मूल असेल तर एवढ्यासाठी तरी पाच करवंदं राखून ठेवावीत. आणि बेकरीतल्या केकवर, टुटीफ्रुटीच्या शेजारी जी लाल ‘चेरी’ बसलेली असते, ती पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. आपण लहानपणापासून काट्यातलं फळ केकवर खात आलो आणि ते परदेशी समजत राहिलो.

रास्पबेरीला यातलं काहीच चालत नाही. मण्यांची साल इतकी पातळ की टोपलीच्या तळची फळं वरच्यांच्या भारानं फुटतात आणि एका दिवसात बुरशी धरतात. तेव्हा तिला पाक हाच आसरा. महाबळेश्वर-पाचगणीला सरबतं आणि जॅमचे कारखाने निघाले त्यामागं हेच कारण. मॅप्रो या कंपनीची सुरुवात १९५९ साली पाचगणीत झाली. युरोपातही ब्लॅकबेरी वेचतात त्याच दिवशी सफरचंदाबरोबर शिजवतात, कारण ब्लॅकबेरीत कमी पडणारं पेक्टिन सफरचंद पुरवतं. आपण करवंदात कच्चं करवंद मिसळतो तीच युक्ती. ब्रिटनमध्ये तर कुंपणाकुंपणाची ब्लॅकबेरी निराळी. फलनाशिवायही बी धरण्याची ताकद या वेलीत असल्यानं लहानसहान फरक पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे टिकतात, आणि तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या तीनशेहून अधिक सूक्ष्म जाती मोजल्या आहेत. संकर करावा तर तोही ती आपणहून करते. १८८०च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स लोगन नावाच्या न्यायाधीशाच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी शेजारी लावल्या होत्या; त्यांच्या बियांतून जे गडद लाल, लांबट फळ उपजलं ते आज लोगनबेरी म्हणून विकलं जातं.

तोरणमाळच्या पठाराकडं चढून गेलात तर उन्हाळ्यात तोरणाची पांढरी, मेणचट फळं चाखून बघा. बोरीचीच ही बहीण, काटा तोच वळलेला, पण फळ पांढरं आणि गोडसर पिठूळ. ते ताजंच खायचं, त्याचा पदार्थ करत बसू नये.

तळोद्याच्या शेजारी अक्कलकुवा तालुक्यात, डाबसारख्या उंचावरच्या गावात, अलीकडे आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी रुजवली आहे. थंडीत पहाटे गारठणारी हवा आणि दिवसा लख्ख ऊन तिला मानवतं. हे बघून मला मनापासून आनंद होतो. मात्र स्ट्रॉबेरीला दर हंगामी रोप, पाणी आणि राखण लागते. खाली बांधावरच्या करवंदाला यातलं काहीही लागत नाही. ते ढोरांना अडवतं, माती धरतं, बुलबुलाला आणि अस्वलाला खाऊ घालतं आणि मे महिन्यात, हाताला दुसरं काम नसताना, वेचणाऱ्या बाईच्या पदरात चार पैसे टाकतं. २००६च्या वनहक्क कायद्यानं हा गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क डोंगरातल्या लोकांना दिलेला आहे. फळ वेचणाऱ्यांचा हक्क कायद्यात आला, पण झुडूप राखायचं काम ज्याच्या बांधावर ते उभं आहे त्याचंच.

म्हणून शेतकरी वाचकांना एक विनंती. तारेचं कुंपण स्वस्त झालं आहे आणि जेसीबी तासाभरात जुनी जाळी उपटून काढतो, हे मला माहीत आहे. तरी बांधाच्या एका कोपऱ्यात एक बोर आणि एक करवंदाची जाळी राहू द्या. आणि बाजारात पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेली बाई दिसली, तर भाव न करता घ्या. थोडी तांबूस, अर्धवट पिकलेलीही मागून घ्या, जेलीला लागतील.